मुलाबाळांना घेऊन गरवायला: गोव्यातल्या जेटीवरची पहिली संध्याकाळ

गोव्यात गरवायला, म्हणजे गळानं मासे मारायला, होडी भाड्यानं घ्यावी लागत नाही, महागडं सामानही लागत नाही. रविवारी संध्याकाळी शिवोलीच्या जेटीवर नुसती चक्कर मारा. पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घेऊन कुणी आजोबा कठड्याशी बसलेले असतात. शेजारी कॉलेजातली पोरं नवा रॉड मिरवत असतात, आणि थोडं पलीकडे एखादं कुटुंब भज्यांचा पुडा सोडून बसलेलं असतं. मासे बहुधा आजोबांनाच मिळतात, कारण त्यांना पाणी कळतं. हा लेख बेळगाव-कोल्हापूर-पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या आणि गोव्यातच राहून कधी गरवायला न गेलेल्या कुटुंबांसाठी आहे. रॉडचं कौतुक त्यात थोडकं आणि पाण्याचं जास्त आहे.

आधी तिथी, मग वार

बहुतेक जण रविवार ठरवतात, सगळ्यांना सोयीची वेळ ठरवतात आणि जेटीवर पोचून बघतात तो खाली चिखल. म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघून मग वार ठरवा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. गोव्याच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला येते आणि रात्री पुन्हा तेवढ्याच वाजता. मधे संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटी तळाला गेलेली असते. उधाणाला पाणी दोनेक मीटर वरखाली होतं. त्यामुळे ऐन संध्याकाळी, मुलांना सोयीच्या वेळी, तुम्ही धक्क्यावर उंच आणि पाणी खाली पार खोल, असं होतं. लागलेला मासा एवढ्या उंचीवर उचलताना हमखास निसटतो.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. त्या हिशेबानं सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपास भरती दुपार कलल्यावर, पाच-सहाच्या सुमाराला पोचते. हे दिवस भांगेचे. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, त्याला ओढही कमी असते. जुने गरवणारे भांगेला नाकं मुरडतात. त्यांना उधाणाचं पळतं पाणी हवं असतं, कारण मोठा मासा त्यात फिरतो, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही आहे. पण सात-आठ वर्षांची मुलं सोबत असताना पळत्या पाण्यात शिसं वाहून जातं, दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. पहिल्या खेपेला भांगेचीच संध्याकाळ घ्या.

तिथीवरून काढलेली वेळ ढोबळ असते. निघायच्या आदल्या दिवशी मुरगाव बंदराच्या भरतीच्या वेळा मोबाइलवर बघून घ्या. नदीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, हेही धरा. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी गळ पाण्यात असला पाहिजे. पाणी चढत असतं तेव्हा मासा धक्क्याच्या खांबांशी चरायला येतो. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की लागणं मंदावतं, तेव्हा डबे उघडावेत. ओहोटी लागल्यावर अर्धा तास आणखी बघा आणि उठा. एवढे अडीच-तीन तास मुलांना पुरतात. त्यापुढं ती कंटाळतात, आणि कंटाळलेलं मूल धक्क्याच्या कडेला असणं ही सगळ्यात वाईट गोष्ट.

महिने म्हणाल तर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात नद्या गढूळ, धक्के शेवाळलेले आणि समुद्र खवळलेला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. ती किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांसाठी नाही, तरी त्या दिवसांत कुटुंब घेऊन जेटीवर जाण्यात काही मजा नाही. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट होतो. लांबून जरी वीज चमकलेली दिसली तरी रॉड खाली ठेवायचा आणि गाडीत जाऊन बसायचं. कार्बनचा लांब रॉड हातात घेऊन मोकळ्या धक्क्यावर उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणं.

जागा

दोनापावलची जेटी सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच पहिल्यांदा ती नको. नूतनीकरणानंतर तिथं प्रवेशशुल्क आहे, पर्यटकांची वर्दळ आहे, आणि मागून कोण फोटो काढत जातंय हे न बघता रॉड फिरवला तर गळ कुणाच्या तरी टोपीत जायचा. तिथं बसायचंच असेल तर गरवायला देतात का, हे दारावर विचारून घ्या.

मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडो ही ट्रॉलरची बंदरं. मासळी उतरताना बघायला मुलांना जरूर न्या, पहाटे न्या, पण गळ घेऊन नको. डिझेलचा तवंग, ताणलेले दोरखंड, बर्फाच्या गाड्या आणि घाईतली माणसं यांच्यात मुलांवर लक्ष ठेवता येत नाही. मुरगाव बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत तर गळ काढूच नका.

कुटुंबाला साजेशा जागा नदीच्या तोंडाजवळ सापडतात. शापोरा नदीवरची शिवोलीची जेटी मला सगळ्यात आवडते. पाणी शांत, गाडी जवळ लावता येते, चहाची सोय जवळच. झुआरी नदीवरचा कुठ्ठाळीचा जुना फेरीधक्का दक्षिणेकडच्यांना सोयीचा. मांडवीच्या तोंडाशी रेईश मागूशच्या बाजूला नदीकाठी बसणारे पुष्कळ असतात, समोर पणजी दिसते. दक्षिणेला साळ नदीच्या मुखाशी बेतूल. उत्तरेच्या टोकाला केरी-तेरेखोलची फेरी लागते तिथं पाणी छान असतं, पण फेरी सुटताना आणि लागताना दोऱ्या वर ओढून घ्याव्या लागतात. चालू फेरीच्या रांपवर (गाड्या चढतात-उतरतात त्या उतारावर) पाय ठेवायचा नाही, हे मुलांना गाडीतच सांगा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला रांप शेवाळानं बुळबुळीत असतो आणि सपाट दिसत असल्यामुळे फसवतो.

दोन जागा टाळाच. कुंभारजुवेच्या खाडीत मगरी आहेत. त्या बघायला लोक पैसे देऊन होडीतून जातात, तिथं काठावर पाय सोडून बसायचं कारण नाही. दुसरी जागा मानशीजवळची. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या) बांधाला भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दारं असतात, ती मानस. तिथं मासळी भरपूर दिसते, कारण पाण्याबरोबर ती दारातूनच जाते-येते. पण त्या मासळीचा लिलाव झालेला असतो आणि कुणीतरी पैसे भरून तो हक्क घेतलेला असतो. तिथं गळ टाकणं हे दुसऱ्याच्या झाडाचे आंबे उतरवण्यासारखंच आहे.

पोचल्यावर आधी तिथल्या माणसाशी बोला. "बाब, हांगा बसूं मूं?" एवढं विचारलं तरी पुरतं. रोज येणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. विचारून बसलात तर खाली दगड कुठं आहे, मासा कुठल्या खांबाशी आहे हे आपण होऊन सांगतील. न विचारता शेजारी येऊन दोरी आडवी टाकलीत तर कुणी भांडणार नाही, पण तोंडातून शब्दही काढणार नाहीत. नियमांबद्दल शंका असेल तर पणजीत मत्स्योद्योग खात्याचं कार्यालय आहे, आणि जेट्यांचा कारभार बंदर कप्तान खात्याकडे असतो.

सामान

मोठ्यांसाठी एक रॉड पुरे. सात-आठ फुटी, घडी होणारा, मधल्या आकाराच्या रीलसह, दीड-दोन हजारांत मिळतो. त्यावर 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीची तंगूस. याहून जाड घेतली तर मासा बिचकतो, बारीक घेतली तर कालवांवर घासून तुटते.

मुलांना रॉड देऊ नका. त्यांना हातदोरी द्या. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेली वीसेक मीटर तंगूस, टोकाला शिसं आणि गळ. मासा टोचा मारतो ते थेट बोटाला कळतं, हँडल फिरवायची भानगड नाही आणि रॉडचं टोक कुणाच्या डोळ्यात जायची भीती नाही.

गळाच्या आकड्याची गंमत अशी की आकडा वाढला की गळ लहान होतो. आठ आणि दहा नंबर शेवटे (बोय) आणि काळुंदर (पर्लस्पॉट) यांच्यासाठी, चार आणि सहा नंबर बाकीच्यांसाठी. प्रत्येकी दहा-दहा घ्या, तुटतात. शिसं 20 ते 30 ग्रॅमचं. शिवाय दोरीला पीळ पडू नये म्हणून गरगर फिरणाऱ्या छोट्या कड्या (दुकानात स्विव्हेल म्हणतात), दोन तरंगे, टोकदार पकड, कात्री, जुना टॉवेल, बादली, थर्माकोलच्या डब्यात बर्फ.

घरून निघायच्या आधी पकडीनं प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासे थोडे जास्त सुटतील, सुटू देत. पण लहान मासा पटकन मोकळा करता येतो आणि गळ कुणाच्या बोटात गेलाच तर आला तसा बाहेर येतो. काटा न दाबलेला गळ मांसात रुतला तर तो ओढायचा नाही. दोरी कापायची, गळ आहे तसा ठेवून डॉक्टरकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवायचं.

आणि एक वस्तू जी कुणी नेत नाही. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन आणि त्याच्या कानाला पक्की बांधलेली पंधरा मीटरची जाड दोरी. कुणी पाण्यात पडलं तर हा कॅन त्याच्याकडे फेकायचा आणि दोरीनं ओढायचं. मागोमाग उडी मारायची नाही. किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, जेटीवर नसतात. तटरक्षक दलाचा 1554 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

आमिष

सकाळी बाजारात जाऊन मूठभर बारीक सुंगटं (कोळंबी) घ्या. महाग नकोत, पण वास मारणारीही नकोत. कुजलेल्या आमिषाला मासा लागतो हा समज शिंगाळ्यापुरता खरा असेल, काळुंदर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. घरी आणल्यावर सुंगटांवर जाडं मीठ चोळून तासभर ठेवा. त्यातलं पाणी सुटतं, मांस घट्ट होतं आणि गळावरून सहज गळून पडत नाही.

लावायची रीत अशी. डोकं मोडून टाकायचं, कवच सोलायचं, सुंगट मोठं असेल तर दोन तुकडे करायचे. गळाचं टोक शेपटीच्या बाजूनं आत घालायचं आणि सुंगट गळाच्या वळणावरून मोजा चढवावा तसं वर सरकवायचं. शेवटी टोक पोटातून किंचित बाहेर दिसलं पाहिजे, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. टोक आत दडलं तर मासा आमिष चोखून निघून जातो आणि तुम्हाला फक्त दोरी हललेली कळते. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. मोठं आमिष लावलं की मोठा मासा येईल ही आशा सगळ्या नवख्यांना असते, आणि बारीक मासे कडा कुरतडून त्यांना दमवतात.

शेवट्यांसाठी सुंगट नको. महाराष्ट्रात ज्याला बोय म्हणतात तो हा मासा पाण्याच्या वरच्या थरात थव्यानं फिरतो. त्याला कणकेची गोळी लागते. घट्ट मळलेल्या कणकेत कापसाचे दोन-चार धागे मिसळले की गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही. तारल्याचा उभा काप, माणकीची (स्क्विडची) पट्टी ही आमिषंही चांगली. माणकी तर इतकी चिवट की एक पट्टी दोन-तीन मासे काढते.

गाठ

एकच गाठ शिका आणि मुलांनाही घरी, टीव्हीसमोर बसून शिकवा. दोरीचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवा आणि तळहाताएवढं बाहेर काढा. ते टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग गळाच्या डोळ्याशी जे छोटं वेटोळं तयार झालंय त्यातून ते टोक मागं आणा, आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या वेटोळ्यातूनही. आता थुंकी लावून ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर तंगूस घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. वेढे एकमेकांना चिकटून ओळीनं बसले की गाठ जमली. उरलेलं टोक कापून टाका.

जुळणीही साधी. मुख्य दोरीत आधी शिसं ओवा, ते सैल सरकतं राहू द्या. मग दोरीला कडी बांधा. कडीच्या दुसऱ्या टोकाला वीतभर-दीड वीत तंगूस आणि तिच्या शेवटी गळ. शिसं तळाला टेकतं, मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही आणि तो बिचकत नाही.

गळ सोडायचा

चित्रांत दिसतं तसं डोक्यावरून रॉड फिरवून लांब फेकायचा मोह सगळ्यांना होतो. जेटीवर त्याची गरज नाही, आणि गर्दीत तो धोक्याचा आहे. मासा लांब नसतोच. धक्क्याच्या खांबांवर कालवं, शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), शेवाळ वाढलेलं असतं, त्यात बारीक खेकडे आणि किडे असतात, आणि हे सगळं खायला काळुंदर, गोबरो (ग्रूपर), तामसो (रेड स्नॅपर) खांबांच्या सावलीत येतात. तुम्ही लांब फेकता तेव्हा माशाच्या डोक्यावरून पलीकडे फेकता.

कठड्याशी उभं राहा, गळ सरळ खाली सोडा, खांबापासून हातभर अंतरावर. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते. मग एक-दोन वेढे घेऊन ती जेमतेम ताणलेली ठेवा. मुलांच्या बाटलीवरची दोरी तर्जनीवरून जाऊ द्या. आता थांबायचं. दहा मिनिटांनी वर काढून आमिष आहे का बघायचं. नसेल तर नवीन लावायचं, असेल तर दोन हात बाजूला सरकून पुन्हा सोडायचं. जागा न बदलता तासभर एकाच ठिकाणी बसून "आज मासेच नाहीत" म्हणणारे फार.

टोचे ओळखायला शिकणं हीच खरी मजा आहे. काळुंदर टुकटुक करतो, बारीक, घाईचं. एक-दोन टोचे जाऊ द्यावेत आणि दोरी भरून ओढ लागली की मनगटानं हलका झटका द्यावा. गोबरो आणि तामसो टुकटुक करत बसत नाहीत. आमिष तोंडात घेऊन थेट कपारीत पळतात, दोरी कालवांवर घासते आणि तुटते. त्यामुळे जोराची ओढ लागली तर विचार न करता लगेच वर उचलायचं. शेवट्याचं तोंड मऊ असतं, त्याला झटका दिला तर ओठ फाटून सुटतो, नुसतं दोरी ताणून धरायचं. मुड्डोशी (लेडीफिश) वाळूच्या तळावर असते आणि लागली तरी कित्येकदा कळत नाही, दोरी उगीच बाजूला सरकताना दिसते. चोणक (महाराष्ट्रातला जिताडा) मिळाला तर नशीब. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, तिथं बोट घालू नका. मुलांना सांगण्याजोगं म्हणजे चोणक आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. बाजारात पाटावर आडवे पडलेले अगदी मोठे चोणक बहुधा माद्याच.

अगदी लहान मुलांसाठी गळापेक्षा खेकडे बरे. कडीला ताणून बसवलेलं गोल जाळं मिळतं. त्याच्या मधोमध तारल्याचं डोकं बांधायचं, दोरीनं तळाला सोडायचं, दहा मिनिटांनी न थांबता सरळ वर ओढायचं. चार वर्षांचं मूलही हे करू शकतं आणि काही ना काही वर येतंच. कुर्ली मागून, पाठीच्या कडेला धरायची. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी तशीच परत सोडायची.

हात लावायचा नाही असे मासे

गळाला काय येईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून नियम एकच ठेवा: मासा वर आला की मुलांनी दोन पावलं मागं, मोठ्यांनी ओळखल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

शिंगाळा सगळ्यात जास्त येतो. मिशा असतात, खवले नसतात. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन काटे तो ताठ करून ठेवतो. ते विषारी असतात. टॉवेलात धरून पकडीनं गळ काढा, जमत नसेल तर दोरी कापून सोडून द्या. पाकट लागली तर धक्क्यावर घेऊच नका, पाण्याजवळच दोरी कापा. तिचा काटा शेपटीवर असतो आणि शेपूट चाबकासारखी फिरते.

काटा लागलाच तर थर्मासमधलं गरम पाणी कामाला येतं. ही विषं उष्णतेनं निकामी होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. दुखऱ्या हाताला उष्णता नीट कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासायचं. वेदना उतरली तरी काट्याचा तुकडा आत राहिला असू शकतो, दवाखाना चुकवू नका. कुठ्ठाळी-आगशीकडून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) जवळ, शिवोलीकडून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ.

केंड मासा मुलांना फार आवडतो, कारण तो फुगतो. त्याचे दात तंगूस कातरतात, बोटही सोडत नाहीत. तो खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत असलेलं विष शिजवून जात नाही. समुद्रघोडा गळाला किंवा जाळ्यात आलाच तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, ताबडतोब पाण्यात सोडा.

मुलांबद्दल

दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. धक्क्यावरून पडण्याचा धोका मोठा असतो आणि पडताना खांबांवरची कालवं कातडी सोलतात. पायात चपला नकोत, मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. दोन मुलांमागं एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात रॉड नसावा. ही वाटणी घरातच करून निघा, नाहीतर जेटीवर बाबा गरवतात, आई मुलांमागं धावते आणि पुढच्या वेळी आई येत नाही. पाळी लावा. आमच्याकडे आजीनं हातदोरी घेतली की तिच्या हातून ती परत मिळवायला वाद घालावा लागतो.

कडेवर दोरखंड आडवे असतात, ते ओलांडायचे नाहीत, वळसा घालायचा. बोट हलली की सैल पडलेला दोरखंड क्षणात ताणला जातो. अंधार पडायच्या आत सामान आवरायला लागा. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो, आणि अंधारात जमिनीवर पडलेला गळ दिसत नाही, तो पायाला सापडतो.

तुटलेली तंगूस गोळा करून घरी न्या. पाणकोंबड्या, पाणकावळे, घारी तिच्यात अडकतात. ती गुंडाळी कचरापेटीत टाकण्याआधी कात्रीनं बारीक तुकडे करा.

ठेवायचा की सोडायचा

मोठ्या माणसाच्या वीतभरापेक्षा लहान मासा सोडून द्या. ओल्या हातानं धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढं जगत नाही. उंचावरून भिरकावू नका, बादलीतून खाली सोडा. मुलं इथं हट्ट करतात, बादलीत घालून घरी नेऊया म्हणतात. बादलीतलं पाणी अर्ध्या तासात कोमट होतं आणि मासा उलटा होतो, हे त्यांना दाखवायची वेळ आणू नका. फोटो काढा, सोडा.

जे ठेवायचे ते लगेच बर्फात. शेवट्याचं पोट तिथल्या तिथं साफ केलं तर चव राहते, त्याच्या आतड्यात चिखल असतो आणि तो वास मांसात उतरतो. पण आतडी धक्क्यावर टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि पुढचा माणूस घसरतो. काळुंदराचे पर आधी कात्रीनं कापा, मग खवले काढा, नाहीतर बोटं रक्ताळतील. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या चिरा, हळद, मीठ, तिखट, आमसुलाचं पाणी, वीस मिनिटं मुरवत ठेवा, रव्यात घोळवा आणि खोबरेल तेलात मंद आचेवर तळा. चार माणसांत दोन काळुंदर आले तर वाटे कसे घालायचे, हा प्रश्न आजीवर सोपवा.

हाताचा वास साबणानं जात नाही, आधी लिंबाची फोड चोळा. रॉड-रील त्याच रात्री गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन उघड्यावर सुकवा. जोराचा फवारा मारला तर खारं पाणी रीलच्या आत जातं. वापरलेले गळ डब्यात परत टाकू नका, एक गंजलेला गळ बाकी सगळ्यांना गंज लावतो. उरलेली मिठातली सुंगटं पुडीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुडीवर मोठ्या अक्षरात "आमिष" लिहा, नाहीतर कुणीतरी त्यांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) करेल.